ऊन भिंतीवर असेतोवर

त्रिशलाकाकूंच्या घरात भिंतीवरची घड्याळं दोन आहेत, शिवाय प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, पण संध्याकाळी काकू यांतल्या कशावरही विश्वास ठेवत नसत. त्यांचं घड्याळ म्हणजे गोठ्याची भिंत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती समोर दिसते. विटांची, गिलावा न केलेली, वर पत्रा. थंडीच्या दिवसांत पाच वाजल्यापासून तिच्यावरचं ऊन खालून आटायला लागतं आणि सावली विटेविटेनं वर चढते. सावली दावं अडकवायच्या खुंटीला टेकली, की काकू ताट घेऊन बसायच्या. ती पत्र्याला भिडायच्या आत जेवण उरकलेलं, पाणी पिऊन झालेलं आणि हात धुतलेला असायचा. मधे मिळायची जेमतेम दहा मिनिटं. छत्तीस वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती.

"तुझी काय गाडी सुटती व्हय गं?" असं त्यांचे यजमान धनपालअण्णा सोप्यातनं, म्हणजे बाहेरच्या खोलीतनं, विचारायचे. अण्णांना ही चेष्टा परवडायची, कारण त्यांचं ताट साडेपाचालाच वाढलेलं असायचं, तेही गरम भाकरीचं.

वारणेकाठच्या दुधगावात मावळतीच्या आत जेवणारी जैन घरं बरीच आहेत. पण बहुतेक जण रात्री तहान लागली तर पाणी पितात, दुखलंखुपलं तर गोळीही घेतात. काकूंचं तसं नव्हतं. सूर्य मावळला की दुसऱ्या दिवशी उगवेपर्यंत तोंडात काही जायचं नाही. अन्न नाही, पाणी नाही, औषधाचा थेंब नाही. लग्नाच्या पंगती असोत, मुंबईचा प्रवास असो, अंगात ताप असो, नियम तो नियम. आणि रात्रभर तहान लागू नये म्हणून जेवण झाल्यावर त्या गाळून उकळलेलं पाणी तीन पेले, एका पाठोपाठ एक, पिऊन घ्यायच्या. उंटासारखं, असं अण्णा म्हणायचे.

त्या दहा मिनिटांच्या आधीचे दोन तास कसे जायचे, ते मात्र कुणी पाहिलं नव्हतं. चार वाजता कणगीतलं धान्य काढून ठेवणं, आमटीला फोडणी, भाकऱ्या. मग गाय आणि म्हैस यांच्या धारा, कारण डेअरीची गाडी साडेपाचाला येते आणि कुणासाठी थांबत नाही. मग अण्णांचं ताट. मग नातवंडं शाळेतून आलेली, त्यांची दुधं. सून ब्राह्मी कवठेपिरानच्या शाळेत शिकवायला जाते, ती पावणेसहाला दमून येते, तिच्यापुढं चहा. मुलगा सम्मेद शेतातून कधी येईल याचा नेम नाही, त्याचं झाकून ठेवायचं. हे सगळं झालं की खुंटीकडं बघायचं. सावली तिथं आलेलीच असायची.

यात कुणी काकूंवर जुलूम करत होतं असं नाही. ब्राह्मी गुणाची पोर आहे आणि अण्णा तर बोटभर लोणच्यावरही खूश होणारा माणूस. पण सगळ्यांचं झाल्यावर आपण बसायचं, हे काकूंच्या हाडात होतं, आणि मावळायच्या आत उठायचं, हेही. या दोन गोष्टींच्या मधे जी फट उरायची, तेवढ्यात त्यांचं जेवण बसवलेलं होतं.

हा नियम त्यांनी का घेतला, हे अण्णांनाही ठाऊक नव्हतं. गावात महाराजांचा चातुर्मास होता, बायकांनी काही ना काही नियम घेतले, तसा हिनंही घेतला, एवढंच सगळ्यांना माहीत. खरी गोष्ट वेगळी होती आणि ती काकूंनी छत्तीस वर्षं पदराच्या गाठीत बांधून ठेवली होती.

सम्मेद चार वर्षांचा असताना त्याला विषमज्वर झाला. सांगलीला दवाखान्यात ठेवलं. आतड्याला आतून जखमा झाल्यात, पोटात पाण्याचा घोटसुद्धा जाऊ द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. पोराच्या शिरा सापडेनात, म्हणून घोट्यापाशी कापून सलाईन लावलं. त्याची खूण आजही त्याच्या उजव्या पायावर आहे. दिवसा तो गुंगीत असायचा. अंधार पडला की जागा व्हायचा आणि पाणी मागायचा. "आई, पाणी." एवढंच. काकू त्याच्या केसांतून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "आता पाणी न्हाई हं बाळा, सकाळपत्तूर." सकाळीही द्यायचं नव्हतं, पण काहीतरी म्हणायला हवं होतं. खाटेखाली त्यांच्यासाठी ठेवलेला पाण्याचा तांब्या होता. पोर पाण्यासाठी ओठ चाटत असताना त्यांना तो तोंडाला लावता आला नाही. दोन रात्री त्या तशाच बसून राहिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी घरून धाकटी जाऊ आली, तिला पोरापाशी बसवून काकू एस.टी.नं गावी आल्या आणि थेट बस्तीत गेल्या. गावाकडं जैन मंदिराला बस्ती म्हणतात. महाराजांपुढं हात जोडून त्या म्हणाल्या, जन्मभर मावळल्यावर अन्न-पाणी घेणार नाही. महाराजांनी त्यांच्याकडं निरखून पाहिलं. म्हणाले, "बाई, नियम हा आपल्यासाठी असतो. त्याच्या बदल्यात काही मागायचं नसतं. मागितलं तर तो नवस झाला." काकूंनी मान हलवली. आणि मान हलवता हलवता मनातल्या मनात मागून घेतलं.

चौथ्या दिवशी ताप उतरला. पोर वाचलं, वाढलं, आता चाळीस वर्षांचं होऊन ट्रॅक्टर चालवतं. काकूंना महाराजांचं म्हणणं पटत होतं, पण भीती पटण्यावर कुठं चालते? आपण चुकलो, तर दिलेलं परत घेतलं जाईल, ही धाकधूक गेली नाही. म्हणून तर अंगात एकशेतीन ताप असतानाही त्या कोरड्या ओठांनी उजाडायची वाट बघत पडून राहिल्या होत्या.

गेल्या दिवाळीनंतर काकूंच्या छातीत जळजळ सुरू झाली. आधी वाटलं फराळाचं तेल बाधलं. मग आडवं झालं की घशाशी आंबट पाणी यायला लागलं, खोकला उठायचा, आणि सकाळी आवाज असा बसलेला की म्हैससुद्धा हाकेला मान वळवेना. रविवारी बस्तीत पूजा म्हणताना बायकांत काकूंचा आवाज पुढं असायचा. त्या आता मागं बसून नुसते ओठ हलवायला लागल्या. याचं त्यांना जळजळीपेक्षा जास्त वाईट वाटलं.

उपाय घरोघर पडलेलेच असतात. अण्णांनी खायचा सोडा पाण्यात घालून दिला. मोठी ढेकर आली, अण्णा विजयी मुद्रेनं बघत राहिले, आणि दोन तासांनी जळजळ दुप्पट झाली. शेजारची मंगल म्हणाली, "काकू, जेष्ठमध उगाळून मधात चाटा. आतनं कसं मऊ पडतंय बघा." मध जैनांच्या घरात चालत नाही, तिथंच निम्मा उपाय बाद झाला. उरलेल्या निम्म्यावर काकूंना शंका आली. ज्येष्ठमध हे मूळ. जमिनीखालचं आम्ही खात नाही.

"मग हळद काय झाडाला लागती व्हय?" अण्णा म्हणाले. त्यांची अर्धा एकर हळद शेतात उभी होती. "वाळल्यावर चालतंय सगळं. सुंठ चालती, हळद चालती, मग त्या काटकीनंच काय घोडं मारलंय?"

काकूंनी बस्तीतल्या पंडितांना विचारून खात्री करून घेतली आणि मग तुपातून ज्येष्ठमध घ्यायला लागल्या. घशाला जरा बरं वाटलं. पण संध्याकाळ झाली की पुन्हा तेच. शेवटी सम्मेदनं ऐकून घेतलं नाही, गाडीवर मागं बसवलं आणि सांगलीला नेलं.

डॉक्टर प्रियदर्शनी या उंब्रजकडच्या. वयानं ब्राह्मीएवढ्या, बोलायला भरभर. त्यांनी दुर्बीण घालून तपासलं आणि टीव्हीवर काकूंना त्यांच्याच पोटाचं आतलं दाखवलं. "हे बघा काकू, जठराचं अस्तर. इथं सोलवटल्यासारखं लाल झालंय. वर अन्ननलिकेच्या तोंडाशीही तसंच. गाठ नाही, घाबरण्यासारखं काही नाही." सकाळची एक गोळी दिली, आम्ल कमी करायला. आणि एक घट्ट, गुलाबी औषध. "हे जखमेवर लेप धरतं. लेपाखाली अस्तर आपलं आपण भरून येतं. म्हणून रिकाम्या पोटी घ्यायचं आणि वर लगेच पाणी प्यायचं नाही. सकाळी, दुपारी जेवणाआधी तासभर, आणि तिसरा डोस रात्री झोपताना. तिसरा महत्त्वाचा, तो रात्रभर टिकतो."

रात्री झोपताना, हे ऐकलं तेव्हाच काकूंना कळलं की हे जमायचं नाही. पण त्या बोलल्या नाहीत. एक तर शिकल्यासवरल्या बाईपुढं नियमाचं काय सांगायचं, ती हसली तर? आणि दुसरं म्हणजे सम्मेद शेजारीच बसला होता. डॉक्टरांनी "का घेतलाय नियम?" असं विचारलं असतं, तर त्याच्यादेखत काय सांगणार होत्या?

औषधाच्या दुकानदारानं बाटलीवर तिसऱ्या डोसाच्या जागी पेनानं छोटीशी चंद्रकोर काढून दिली. काकूंनी घरी येऊन त्या चंद्रकोरीचा आपल्यापुरता तोडगा काढला. डोस चुकवायचा नाही आणि नियमही मोडायचा नाही. संध्याकाळचं जेवण झालं, की सावली पत्र्याला भिडायच्या आत दोन चमचे औषध, आणि त्यावर रोजचे तीन पेले पाणी. मग दमलेलं अंग सातलाच अंथरुणावर. औषध पोटात गेल्याशी कारण, तास-दोन तास अलीकडं गेलं तर काय बिघडतंय, असा त्यांचा हिशेब होता. या हिशेबात त्यांना काही खोट दिसत नव्हती आणि त्यांनी तो कुणाला दाखवलाही नाही.

सहा आठवड्यांत चार बाटल्या संपल्या. दिवसा थोडं बरं वाटायचं. रात्री उशीला पाठ लावून बसायची वेळ मात्र टळली नाही. काकू वाळायला लागल्या, गळ्याखालची हाडं दिसायला लागली. ब्राह्मीनं एकदा सहज विचारलं, "आत्ती, रातचं औषध कवा घेतासा? मला कवा दिसलं न्हाई तुमी घेताना." काकूंना खोटं बोलता येत नाही. ब्राह्मीला गोष्ट पोटात ठेवता येत नाही. ती सम्मेदच्या कानावर गेली.

सम्मेद तसा शांत आहे, पण ऊसतोड सुरू होती, मजुरांची टोळी दोन दिवस आली नव्हती, आणि आईला वाळताना बघून तो आतून घाबरलाही होता. घाबरला की तो चिडतो. संध्याकाळी साडेसातला तो बाटली आणि पळी घेऊन आईच्या अंथरुणापाशी आला.

"ऊठ. हे घे."

"मावळलं की रं."

"मावळू दे. औषध म्हंजे काय जेवण हाय व्हय? बस्तीतली निम्मी माणसं रातची गोळी घेत्यात. त्यास्नी काय पाप लागलं?"

"त्यांचा नियम त्यांच्यापाशी."

"आणि तुझा नियम तुला खाऊन टाकू दे, असं म्हणतीस?" त्यानं पळी भरली. काठोकाठ भरलेली ती त्यानं आईच्या तोंडाशी नेली. "आये, एकदा. माझ्यासाठी घे. मोडला तर मोडला. काय हुतंय बघूया."

काय हुतंय बघूया. काकूंचं लक्ष त्याच्या उजव्या पायाकडं गेलं. घोट्यावरची ती जुनी, पांढुरकी खूण. त्यांनी ओठ घट्ट मिटले आणि मान भिंतीकडं वळवली. मग त्यांना रडू आलं. ज्याच्यासाठी राखलं, तोच उठून मोड म्हणतोय, हे काही सोसण्यासारखं नव्हतं.

"तुझ्यासाठीच हाय ते," त्या भिंतीकडं बघत म्हणाल्या. आवाज बसलेला होता, त्यामुळं सम्मेदला वाकून ऐकावं लागलं. "तू दवाखान्यात हुतास. चार वर्षांचा. तवा घेतलाय. तुला मागून घेतलंय मी."

सोप्यात अण्णा टीव्ही बघत होते. त्यांनी आवाज बंद केला.

सम्मेदनं बाटली उचलली. त्याच्या हातातली पळी अजून भरलेली होती. बाटलीचं तोंड बारीक, औषध परत आत जाईना. टाकून द्यावं तर ते आईचं औषध. शेवटी त्यानं ते स्वतःच पिऊन टाकलं आणि तोंड वाकडं केलं. "खडू हाय नुसता," तो म्हणाला आणि दिवा बारीक करून बाहेर गेला.

दोन दिवसांनी तो आईला पुन्हा सांगलीला घेऊन गेला. या वेळी सांगायचं काम काकूंनीच केलं. चंद्रकोरीचं, नियमाचं, सगळं. का घेतला ते सांगितलं नाही आणि डॉक्टरांनी विचारलंही नाही. त्यांनी भलतंच विचारलं. "काकू, संध्याकाळी चारपासून झोपेपर्यंत तुम्ही काय काय करता ते सांगा. काहीच सोडू नका."

काकूंनी सांगितलं. भाकऱ्या, धारा, डेअरीची गाडी, अण्णांचं ताट, पोरांची दुधं, ब्राह्मीचा चहा, झाकून ठेवलेलं सम्मेदचं, भिंतीवरची सावली. डॉक्टरांनी मधेच पेन खाली ठेवला होता.

"जेवायला किती वेळ लागतो?"

"सात-आठ मिनिटं. भाकरी आमटीत कुस्करली की पटापटा जाती."

"आणि सोबत कोण असतं?"

"कोण न्हाई. त्या वक्ताला ज्याला त्याला आपापलं काम असतंय की."

काकूंनी सहज सम्मेदकडं पाहिलं. तो खाली फरशीकडं बघत होता. चाळीस वर्षं ज्या आईच्या हातचं तो खात आला, तिला जेवताना त्यानं पाहिलेलंच नव्हतं. सकाळी ती सगळे गेल्यावर खायची, संध्याकाळी तो यायच्या आत. हे त्याला आत्ता, डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत बसून कळत होतं, आणि काकूंना त्याच्याकडं बघून कळलं की त्याला कळतंय. त्यांना उगीचच अपराध्यासारखं झालं.

"नियम मोडायची काही गरज नाही," डॉक्टर म्हणाल्या. काकू खुर्चीत जरा मागं टेकल्या. "उलट लवकर जेवा म्हणून माझ्या पेशंटना सांगून सांगून मी थकते. पण तुम्ही आठ मिनिटांत जेवण कोंबता, भरल्या पोटावर औषध ओतता, त्यावर तीन पेले पाणी आणि मग लगेच आडव्या. कुणाचंही पोट हेच करेल."

काकूंना हसू आलं. आयुष्यात किती वेळा त्यांनी घरं सारवली होती, लहानपणी आईच्या हाताखाली, लग्नानंतर या घरात फरशी बसेपर्यंत. सारवलेल्या ओल्या भुईवर कुणी पाय ठेवला तरी त्या ओरडायच्या. "म्हंजे मी रोज सारवायची," त्या हळूच म्हणाल्या, "आणि वर आपल्याच हातानं तीन घागरी वतायची."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाल्या. आणि त्यांनी नवा कागद लिहून दिला. जेवण साडेचारला, सावकाश, अर्धा तास. पाणी दिवसभर घोट घोट, संध्याकाळी एकदम नाही. गुलाबी औषध मावळायच्या अगदी आधी, त्यानंतर काही नाही. साडेआठपर्यंत आडवं व्हायचं नाही. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली दोन दोन विटा. आणि पुढच्या वेळी औषधाच्या वेळा परस्पर बदलायच्या नाहीत, हेही त्यांनी जरा दरडावूनच सांगितलं.

काकूंना वाटलं, सुटलो. पण खरी अडचण पुढंच होती. साडेचारला जेवायचं म्हणजे घरात सगळ्यांच्या आधी जेवायचं.

पहिल्या दिवशी ताट वाढून घेतलं आणि चार घास खाईपर्यंत त्या चार वेळा उठल्या. गाय हंबरली, दारात मंगल आली, गॅस बंद केला की नाही, अण्णांना भूक लागली असेल का. आपण चोरून खातोय असंच त्यांना वाटत राहिलं. सोप्यात नवरा बसलाय, पोरांचं दूध व्हायचंय, धारा काढायच्यात, आणि बाई आपली मांडी घालून जेवतेय. हे त्यांच्या सासूनं केलं नव्हतं, आईनं केलं नव्हतं. नियम पाळणं त्यामानानं सोपं होतं. नियमात स्वतःला काहीतरी नाकारायचं असतं, त्याची त्यांना सवय होती.

दुसऱ्या दिवशी तेच. अर्ध्या भाकरीवर त्या उठल्या. तिसऱ्या दिवशी अण्णा सोप्यातनं आत आले, फळीवरचं आपलं ताट काढलं आणि त्यांच्यासमोर पाटावर बसले. त्यांना साडेचारला भूक नसते, हे काकूंना चांगलं माहीत होतं.

"आवं, तुमाला कुठं भूक लागलीया आत्ता?"

"लागलीया म्हण की," अण्णा म्हणाले आणि स्वतःच्या हातानं आमटी वाढून घेतली. निम्मी ताटाबाहेर सांडली. काकू फडकं आणायला उठणार, तेवढ्यात ते म्हणाले, "बस. मी पुसतो." आणि पुसलं. वाईट पुसलं, पण पुसलं.

धारांचं काम सम्मेदनं घेतलं. ऊसतोडीच्या दिवसांत साडेचारला शेत सोडून येणं म्हणजे काय असतं ते शेतकऱ्यालाच ठाऊक. तो येतो, तोंडावर पाणी मारतो आणि बादली घेऊन गोठ्यात जातो. पहिले आठ दिवस म्हशीनं त्याला लाथा दाखवल्या, मग तिलाही पटलं. गोठ्याच्या दारातून स्वयंपाकघराची खिडकी दिसते. धार काढता काढता तो मान वर करून बघतो. आई जेवत असते. भाकरीचा तुकडा मोडते, चावते, मधेच अण्णांना काहीतरी सांगते. आईला चावायला इतका वेळ लागतो, हेही त्याला नवीनच होतं. मागच्या महिन्यात त्यानं हे ब्राह्मीला सांगितलं आणि ब्राह्मीनं, अर्थातच, काकूंना.

दोन महिन्यांत आंबट पाणी घशाशी यायचं थांबलं. आवाज अजून पूर्ण सुटलेला नाही, पण म्हैस हाकेला वळते. डॉक्टर म्हणाल्या, अजून महिनाभर औषध, मग बघू.

एका संध्याकाळी काकू जेवून, हात धुऊन खिडकीशी बसल्या होत्या. सावली अजून खुंटीच्याही खाली होती. करायला काही नव्हतं. इतकी वर्षं ज्या ऊनपट्ट्याच्या मागं त्या धावल्या, तो आज भिंतीवर निवांत पडला होता आणि त्यांना त्याच्याकडं नुसतं बघता येत होतं. महाराजांचं बोलणं त्यांना आठवलं. बदल्यात काही मागायचं नसतं. मी मागितलं, त्या मनात म्हणाल्या. मला माफ करा, पण मी आई होते, आणि पोर पाणी मागत होतं.

सावली चढत चढत पत्र्याखालच्या शेवटच्या विटेशी आली. सम्मेद बाटली आणि पळी घेऊन आला. हे काम त्यानं स्वतःकडं घेतलंय, ब्राह्मीलाही करू देत नाही. त्यानं पळी भरली, एक थेंब न सांडता आईच्या तोंडाशी नेली. काकूंनी तोंड उघडलं. औषध घट्ट, खडूसारखं, सावकाश खाली उतरलं.

त्यानं पळी बाजूला ठेवली, पेल्याकडं गेलेला आईचा हात अलगद धरला आणि सवयीनं बजावलं, "आता पाणी न्हाई हं, सकाळपत्तूर."

काकू त्याच्याकडं बघतच राहिल्या. हे वाक्य त्यांनी त्याला कधीच सांगितलं नव्हतं. नियमाचं सांगितलं होतं, तांब्याचं नाही, त्या दोन रात्रींचं नाही. तापातल्या चार वर्षांच्या पोराला ते आठवण्यासारखं नव्हतं आणि त्याला ते आठवतही नव्हतं. तो फक्त डॉक्टरांनी सांगितलेलं सांगत होता.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काय न्हाई," काकू म्हणाल्या. मग त्यांनी हात त्याच्या केसांतून फिरवला. केसांत उसाच्या पाचटाची कुसळं होती. ती एकेक काढत त्या म्हणाल्या, "न्हाई मागत बाबा पाणी. सकाळपत्तूर थांबतो आपण."